दुसरा चमचा

घोटताईंच्या समोर बसून जेवायचं म्हणजे शिक्षाच. तुम्ही आपले गप्पा मारत घास घेताय, आणि या बाईंचं लक्ष तुमच्या बोलण्याकडे नाही, डोळ्यांकडे नाही, थेट गळ्याकडे. घास उतरताना गळ्यातली घाटी वर उचलली जाते आणि पुन्हा जागेवर येते. ती वेळेवर उचलली गेली का, पुरेशी उचलली गेली का, हे त्या बघत असतात. एखाद्या पाहुण्याला ठसका लागला की घरातले सगळे पाण्याचा पेला घेऊन धावतात. घोटताई मात्र जागच्या हलत नाहीत. म्हणतात, "खोकताहेत ना? मग कसली काळजी! जो खोकत नाही त्याची काळजी."

त्यांचा नवरा शाळेत गणित शिकवतो. तो लोकांना रंगवून सांगतो, "आम्ही पहिल्यांदा भेटलो तेव्हा ही माझ्याकडे टक लावून बघत होती. मला वाटलं, आपण एकदम पसंत! नंतर कळलं, हिला माझी घाटी पसंत पडली होती."

हुद्दा म्हणाल तर स्पीच थेरपिस्टचा. लोकांना वाटतं, ही बाई अडखळत बोलणाऱ्या मुलांना शिकवत असेल. पण मोठ्या रुग्णालयात, मेंदूच्या वॉर्डात, या धंद्याचं निम्मं काम बोलण्याचं नसून गिळण्याचं असतं. मेंदूला झटका बसला की हात जातो, पाय जातो, जीभ जड होते हे सगळ्यांना दिसतं. गिळणं गेलेलं कुणाला दिसत नाही. पाणी अन्ननलिकेत न जाता हळूच फुप्फुसात उतरतं आणि चार दिवसांनी माणूस तापानं फणफणतो. म्हणून घोटताई. सकाळी एकेका खाटेजवळ उभ्या राहायच्या, दोन बोटं गळ्यावर ठेवायच्या. "हनुवटी खाली घ्या. छोटा घोट. थांबा. आता गिळा. पुन्हा एकदा गिळा. आ म्हणा बघू." आवाज ओला, म्हणजे घशात पाणी खळखळल्यासारखा आला की काम बाकी, कोरडा आला की पास. दिवसभर घोट, घोट, घोट. हे नाव कुणी ठेवलं ते ठाऊक नाही, पण पगाराचं पाकीट सोडलं तर बाईंना खऱ्या नावानं कुणी ओळखत नव्हतं.

आता खरी गंमत पुढे आहे. गळा पास झाला म्हणजे माणूस जेवतो असं थोडंच आहे? पास झालेल्यांपुढे काय यायचं, तर स्वयंपाकघरातून आलेला वाडगा. बटाटा, गाजर, मांस जे असेल ते एकत्र वाटून केलेला करडा लगदा. वॉर्डात त्याचं नाव 'चिखल'. माणसं भिंतीकडे तोंड फिरवायची. मदतनीस चमचा पुढे करायची, दटावायची, गोंजारायची, शेवटी वाडगा तसाच परत न्यायची. घोटताई दटावत नसत आणि गोंजारतही नसत. त्या स्टूल ओढायच्या, त्याच पातेल्यातला चिखल दुसऱ्या वाडग्यात वाढून घ्यायच्या, एप्रनच्या खिशातून स्वतःचा चमचा काढायच्या आणि जेवायला लागायच्या. इकडच्या तिकडच्या गप्पा. 'खा' असं एकदाही म्हणायचं नाही. थोड्या वेळानं खाटेवरचा माणूस आपसूक तोंड उघडायचा. माणसाला भरवलेलं आवडत नाही हो, सोबत जेवलेलं आवडतं. एवढी साधी गोष्ट.

वॉर्डातल्या मदतनीस बायका त्यांची थट्टा करायच्या. "घोटताई, घरी जेवायला मिळत नाही वाटतं?" घोटताई हसून म्हणायच्या, "मिळतं की, पण तिथे चावावं लागतं."

हे सगळं असंच हसतखेळत चाललं असतं, कुणी काही लिहिलं नसतं आणि कुठे काही छापून आलं नसतं. पण घोटताईंच्या वडिलांना झटका आला.

वडील माहेरच्या गावी, लांब. घोटताई धावत गेल्या. तिथल्या रुग्णालयातही तोच चिखल, तीच भिंतीकडे फिरलेली पाठ. घोटताई स्टूल ओढून बसल्या, स्वतः खाल्लं, आणि बाबांनी दोन वाडगे संपवले. सुट्टी संपली तेव्हा जड पायांनी परत आल्या आणि तिथल्या सिस्टरला फोनवर विनवून सांगितलं, "तुम्ही फक्त त्यांच्याजवळ बसून चार चमचे खा. ते जेवतील."

ती सिस्टर वाईट नव्हती. दमलेली होती. ती म्हणाली, "ताई, तुमचं खरं असेल. पण उद्या आमच्या मॅडम विचारतील की ड्यूटीवर असताना जेवत काय बसलीस, तर मी काय सांगू? असं कुठे लिहिलंय का? लिहिलेलं दाखवा, आम्ही करू."

घोटताईंनी आकाशपाताळ एक केलं. होती नव्हती ती सगळी पुस्तकं उलटीपालटी केली. खुर्चीत कसं बसवायचं ते लिहिलेलं होतं, चमचा केवढा घ्यायचा ते होतं, पातळ किती आणि दाट किती ते होतं. सोबत बसून खा, एवढंच कुठे नव्हतं. तोवर बाबांच्या नाकात नळी गेली. ती ते ओढून काढायचे म्हणून हात खाटेला बांधले. त्या ऋतूतच ते गेले, जिभेवर काही चव न घेता. घोटताई दिवसभर परक्या माणसांसोबत जेवत होत्या, आणि स्वतःचा बाप उपाशी गेला. हे दुःख त्या कुणाला बोलून दाखवत नसत, पण कामावर परत आल्या त्या एकच वाक्य घेऊन: लिहिलेलं दाखवा.

"मग दाखवतेच," त्या नवऱ्याला म्हणाल्या.

पण लिहिणं म्हणजे काही घोट नव्हे, की हनुवटी खाली घेतली आणि गिळला. पहिला मसुदा नवऱ्यानं वाचला. म्हणाला, "अगं, छान आहे. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. पण यात पानोपानी आपुलकी आहे. आपुलकी मोजतात कशात? लिटरमध्ये की किलोत?"

घोटताई भडकल्या, दोन दिवस अबोला धरला आणि तिसऱ्या दिवशी स्वयंपाकघरातला तराजू वॉर्डात घेऊन गेल्या. वाडगा भरून जाताना वजन, परत येताना वजन. मधला फरक तो पोटात गेला. आपुलकी किलोत मोजायची सोय झाली.

मेंदूचे डॉक्टर भला माणूस. त्यांनी अशा संशोधनासाठी लागणारी रुग्णालयाच्या समितीची परवानगी मिळवून दिली, इंग्रजी सुधारून दिलं, आणि स्वतःचं नाव घालायला साफ नकार दिला. म्हणाले, "मी तो चिखल एकदाही खाल्लेला नाही. माझं नाव कशाला?" लेख एका वैद्यकीय नियतकालिकाकडे गेला आणि ज्या वेगानं गेला त्याच वेगानं परत आला. दुसऱ्यानं मात्र ठेवून घेतला, आणि काही महिन्यांनी, छापण्याआधी लेख तपासणाऱ्या परीक्षकाचं उत्तर आलं. परीक्षक कोण ते कधी कळत नाही, तशी रीतच आहे. त्या अदृश्य माणसानं एकच प्रश्न विचारला होता: हा गुण पद्धतीचा, की या बाईंचा?

घोटताईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "म्हणजे हा माझं कौतुक करतोय की मला हाकलतोय?"

"दोन्ही," नवरा म्हणाला. "प्रश्न बरोबर आहे गं. तू गोड आहेस म्हणून लोक जेवत असतील, तर ज्या गावात तू नाहीस तिथे लेखाचा काय उपयोग?"

ज्या गावात तू नाहीस. हे वाक्य बरोबर वर्मी बसलं. घोटताईंना कळून चुकलं की आपलं म्हणणं खरं ठरवायचं तर आपल्यालाच बाजूला व्हायला हवं. त्या रुग्णांसोबत दुसऱ्या कुणीतरी बसायचं, आणि ते कुणीतरी अजिबात गोड असता कामा नये. हे त्यांनी डॉक्टरांना सांगितलं. मग दोघांच्याही माना एकदमच दाराकडे वळल्या. बाहेर कॉरिडॉरमध्ये लवंगी सिस्टर कुणाला तरी झाडत होती.

लवंगी मिरची आकारानं एवढीशी असते आणि जिभेला जाळते, तशीच ही. तिला बघून रुग्णाचे नातेवाईक खुर्चीवरून उठून उभे राहायचे. कामाला वाघ, पण तोंडाला फाटक नाही. घोटताईंनी विचारल्यावर ती म्हणाली, "मी? चिखल खाऊ? डोकं ठिकाणावर आहे ना, ताई?" मग घोटताईंनी तिला फोनवरची ती गोष्ट सांगितली, बाबांची. लवंगी ऐकत राहिली, नाक ओढलं आणि म्हणाली, "बसते. पण गोड बोलणार नाही, आधीच सांगून ठेवते."

"अजिबात बोलू नका," घोटताई घाईघाईनं म्हणाल्या. "तेच तर हवंय!"

ठरलं असं. सगळ्यांचे गळे घोटताई सकाळी तपासणार. पास झालेल्यांतल्या निम्म्यांना मदतनीस नेहमीसारखं भरवणार, निम्म्यांसोबत लवंगी बसून खाणार. कोण कुठल्या निम्म्यात ते चिठ्ठी टाकून. जेवणाच्या वेळी घोटताईंनी खोलीत पाऊल ठेवायचं नाही.

पहिल्याच चिठ्ठीत लवंगीच्या वाट्याला ड्रायव्हरकाका आले. आयुष्यभर लांब पल्ल्याची बस चालवलेला माणूस, अंगानं आडवातिडवा. झटक्यानं वाचा गेली होती, उजवी बाजू लुळी. गळा चांगला ठणठणीत, पण वाडगा आला की डोळे मिटायचे. डॉक्टर म्हणाले होते, महिनाअखेरपर्यंत जेवले नाहीत तर पोटाला भोक पाडून नळी घालावी लागेल.

लवंगी बसायला लागली आणि काकांचा वाडगा भरलेला गेला तो भरलेलाच परत आला. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशीही. घोटताई तराजूपुढे उभ्या राहायच्या आणि काटा जागचा हलायचा नाही. काकांचे गाल आत गेले. घोटताईंना रोज बाबा दिसायला लागले. आपण आत जाऊन स्टूल ओढलं की हा माणूस जेवेल, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. आणि आत गेलो की लेख मेला, हेही ठाऊक होतं. इकडे आड, तिकडे विहीर. रात्री नवऱ्याला म्हणाल्या, "उद्या जेवले नाहीत तर मी आत जाणार. खड्ड्यात गेला तो लेख. एक बाप उपाशी घालवला, दुसरा नाही घालवायचा."

नवरा म्हणाला, "जा." गणिताचा मास्तर असूनही म्हणाला, हे विशेष.

दुसऱ्या दिवशी दुपारी घोटताई दाराच्या काचेला नाक लावून उभ्या. खिशात चमचा मुठीत धरलेला. आत लवंगी वाडगा घेऊन बसलेली, चमचा तोंडाशी न्यायची, चघळल्यासारखं करायची, पुन्हा चमचा वाडग्यात. काका डोळे किलकिले करून बघत होते. आणि एकाएकी त्यांनी चांगला हात पुढे केला, लवंगीचं मनगट पकडलं आणि चमचा तिच्या डोळ्यांपुढे उलटा केला. थेंबही पडला नाही. चमचा रिकामा! बाई इतके दिवस नुसतं नाटक करत होत्या. आयुष्यभर आरशातून मागच्या प्रवाशांवर नजर ठेवलेला माणूस तो. त्याला फसवायला निघाली होती!

लवंगीचा चेहरा असा पडला की बघवेना. वॉर्डात तिला रंगेहाथ पकडणारा आजवर कुणी जन्मला नव्हता. तिनं मनगट सोडवून घेतलं. मग वाडग्यात चमचा खुपसला, भरला, तोंडात घातला आणि गिळला. आणि तिनं असं काही तोंड वेडंवाकडं केलं, म्हणजे औषध पाजलेल्या तान्ह्या बाळानंसुद्धा करू नये. काकांच्या छातीतून घरघर निघाली. घोटताईंचा जीव दाराशीच अर्धा झाला. त्यांना वाटलं, ठसका. ठसका कसला, काका हसत होते! हसता हसता त्यांनी तोंड उघडलं आणि बोट वाडग्याकडे केलं. आणा.

त्या दुपारी तराजूचा काटा हलला. घोटताई काट्याकडे बघून ढसाढसा रडल्या, आणि लवंगी मागून येऊन म्हणाली, "रडताय काय? तो चिखल मी खाल्ला, तुम्ही नाही."

इथं गोष्ट सरळ संपायला हवी होती. पण लवंगी ती. संतापानं लालबुंद होऊन ती तडक स्वयंपाकघरात गेली आणि मुख्य आचाऱ्यापुढे वाडगा आपटला. "हे स्वतः कधी खाल्लंय? खाऊन दाखवा!" आचाऱ्यानं चमचाभर खाल्लं आणि त्याचंही तोंड वाकडं झालं. दुसऱ्या दिवसापासून गाजर वेगळं, बटाटा वेगळा, मीठ बेतानं, वरून लोण्याचा गोळा. सगळ्या वॉर्डाचे वाडगे रिकामे येऊ लागले, ज्यांच्यासोबत कुणी बसत नव्हतं त्यांचेसुद्धा.

"झालं!" नवऱ्यानं कपाळावर हात मारला. "आता काय मोजायचं? सोबतीचा गुण की लोण्याचा?"

घोटताईंनी हातातले आकडे बाजूला ठेवले. लवंगीला एका शब्दानं बोलल्या नाहीत. कसं बोलणार? वॉर्ड जेवत होता. त्यांनी सगळं पहिल्यापासून पुन्हा सुरू केलं, या वेळी चवदार चिखल घेऊन. नव्या परवानग्या, नव्या चिठ्ठ्या, पुन्हा तराजू. चव सुधारल्यावर सगळेच जास्त जेवले. पण ज्यांच्यासोबत लवंगी बसली, ते त्याहूनही जास्त जेवले, आणि तिनं एकालाही गोड शब्द दिला नव्हता. घोटताईंनी लेखात रिकाम्या चमच्याची हकिगत लिहिली, लोण्याचीही लिहिली, काही म्हणता काही झाकलं नाही. लेख छापून आला.

छापून आला म्हणजे काही वाजतगाजत नाही. एका जाड अंकात मधेच चार पानं, वर दोन नावं. दुसरं नाव बघून लवंगी उसळली. "माझं कशाला? मी काय केलं? नुसतं गिळलं!" घोटताई म्हणाल्या, "तेच तर करायचं होतं." लवंगीनं ती पानं घडी करून पर्समध्ये ठेवली, आणि पुढे बरेच दिवस बसमध्ये शेजारी बसेल त्याला दाखवत सुटली. ड्रायव्हरकाका पोटात नळी न जाता स्वतःच्या पायांनी, काठी टेकत घरी गेले. जाताना त्यांनी लवंगीला हात जोडले. घोटताईंकडे बघून नुसती ओळखीची मान हलवली. घोटताईंना जरासं टोचलं. खोटं कशाला बोला, चांगलंच टोचलं. पण गुण बाईंचा नाही, पद्धतीचा, हे सिद्ध करायला निघाल्या होत्या ना? झालं होतं सिद्ध.

पुढे काही वर्षांनी माहेरी आई पडली आणि तिच्या कमरेचं हाड मोडलं. तेच गाव, तेच छोटं रुग्णालय, सगळ्या आजारांना एकच वॉर्ड. घोटताईंना त्या पायऱ्या चढवेनात. आई मात्र खाटेवर तक्के लावून बसली होती, तोंडाचा पट्टा चालू. शेजारच्या खाटेवर एक वाळलेले आजोबा होते. जेवणाची वेळ झाली. एक तरुण सिस्टर आली, तिनं स्टूल ओढलं, पातेल्यातलं दोन वाडग्यांत वाढलं, खिशातून चमचा काढला आणि गुपचूप जेवायला लागली. आजोबांनी तिच्या गळ्याकडे बघितलं आणि तोंड उघडलं.

घोटताई उभ्या जागी थिजल्या.

"अशीच बसते रोज," आई हळूच म्हणाली. "तुझ्या बाबांच्या वेळी कुणी असं बसलं असतं तर..."

घोटताई पुढे झाल्या. "सिस्टर, तुम्ही का खाताय?"

"आमच्याकडे तसंच करतात," ती मान वर न करता म्हणाली. "लिहिलेलं आहे. हवं तर बघा, तिकडे दाराशी कागद लावलाय."

"अगं ए पोरी!" आई कडाडली, सगळा वॉर्ड वळून बघायला लागला. "ते लिहिणारी ही! माझी लेक आहे ही!"

"हो का आजी? बरं बरं," सिस्टर म्हणाली. औषधाच्या गुंगीत म्हाताऱ्या काय काय बोलतात, हे तिला रोजचं होतं. तेवढ्यात पलीकडून कुणीतरी हाक मारली. ती उठली आणि वाडगा घोटताईंच्या हातात दिला. कपाटातून एक स्वच्छ चमचा काढून दिला. "ताई, जरा बसता का यांच्याजवळ? आणि नुसतं बसायचं नाही हं, तेच खायचं. ते फार लक्ष ठेवून असतात."

घोटताई स्टुलावर बसल्या. त्यांनी चमचा भरला आणि तोंडात घातला. आजोबांनीही घास घेतला, पण तो तोंडातच धरून ठेवला. ते घोटताईंच्या गळ्याकडे बघत होते. उभा जन्म दुसऱ्यांच्या घाट्या निरखणाऱ्या बाईंची घाटी आज कुणीतरी निरखत होतं, आणि ती काही केल्या वर उचलली जाईना. याच वॉर्डात बाबांचे हात बांधले होते. घशात असा गोळा आला की घास उतरायला जागाच राहिली नाही.

आजोबा वाट बघत राहिले.

हनुवटी खाली, घोटताईंनी मनात स्वतःला सांगितलं. थांबा. आता गिळा.

त्यांनी गिळलं. मग आजोबांनी गिळलं.